टाकी भरते ती मजुरीवर

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियातून सुरू झाली, तेव्हा धूर नसलेल्या स्वयंपाकघराचं आश्वासन दिलं गेलं होतं. गॅसच्या जोडण्या देण्यापुरतं ते पाळलं गेलं, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. आज देशात दहा कोटींहून जास्त उज्ज्वला जोडण्या आहेत, त्या बाईच्याच नावावर आहेत आणि मराठवाड्यातल्या आडबाजूच्या तांड्यावरही घराच्या कोपऱ्यात लाल टाकी दिसते. पण ती वर्षातून किती वेळा भरली जाते, हा खरा प्रश्न आहे. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी सरासरी तीन टाक्या घेतल्या. अनुदान वाढल्यावर, २०२३-२४ मध्ये, हा आकडा चारच्या जवळ पोचला. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचं रांधणं गॅसवर केलं तर एक टाकी महिना-सव्वा महिना जाते. म्हणजे या घरांत वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस चूलच पेटते. टाकी असते, पण ती पाहुणे आल्यावर चहाला किंवा घरात आजारी माणूस असलं तर पेज करायला.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक असं की बायकांना सवय नाही, जनजागृती करा. दुसरं असं की अनुदान आणखी वाढवा. पहिलं उत्तर मला पटत नाही. चुलीपुढे बसून डोळे चोळणाऱ्या बाईला धूर वाईट असतो हे सांगायला कुणी जायची गरज नाही. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, पण तेही अपुरं आहे. माझं म्हणणं असं की, टाकी भरली जाणार की नाही हे गावात मजुरीचं काम आहे का, त्याचा पैसा वेळेवर येतो का आणि तो बाईच्या हातात पडतो का, यावर ठरतं. आपण रोजगाराचं खातं वेगळं ठेवलं आणि इंधनाचं वेगळं. बाईच्या घरात मात्र दोन्हींचा हिशेब एकाच डब्यातल्या पैशांवर चालतो.

हा हिशेब मांडून पाहू. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती टाकीचा दिल्लीतला दर ८५३ रुपये झाला. आपल्याकडच्या गावांत थोडाफार इकडेतिकडे. उज्ज्वलाच्या ग्राहकाला तेव्हा टाकीमागे ३०० रुपये अनुदान होतं. कागदावर टाकी साडेपाचशेला पडली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली, म्हणजे टाकीची किंमत दोन दिवसांची मजुरीही नाही. एवढंच पाहिलं तर गॅस परवडायला हवा. पण अनुदान नंतर खात्यात येतं. टाकी दारात येते तेव्हा गाडीवाल्याला पूर्ण रक्कम रोख मोजावी लागते. साडेआठशे रुपये एकरकमी हातात असणं ही मजुराच्या घरातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. तिथे पैसा येतो तो दोनशे-तीनशेच्या तुकड्यांनी आणि येतो तसाच तेल-मीठ, शाळेची वही, दवाखाना यांत जातो. सरपण मात्र तुकड्यातुकड्यानं मिळतं: आज एक भारा, उद्या एक. चुलीचा हा फायदा गॅसला नाही.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, वर्षाला तीन टाक्या मोफत. हेतू चांगला आहे आणि त्यामुळे कितीतरी घरांत वर्षाकाठी एखादी टाकी जास्त भरली जात असेल. पण तिथेही रीत तीच. आधी पूर्ण पैसे भरायचे, मग केंद्राचे ३०० आणि राज्याचे सुमारे ५३० रुपये खात्यात जमा व्हायची वाट बघायची. ज्या बाईकडे आज आठशे रुपये आहेत तिला टाकी फुकट पडते. जिच्याकडे नाहीत तिला योजना असूनही ती मिळत नाही, आणि सगळ्यात गरीब बाई नेमकी हीच असते.

आता सरपण फुकट का वाटतं, ते पाहू. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या काट्या, गोवऱ्या यांना दाम मोजावे लागत नाहीत म्हणून आपण त्यांना फुकट म्हणतो. त्यांच्यामागे बाईचा वेळ जातो आणि त्या वेळेला भाव नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनमोबदल्याच्या घरकामावर ते करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेल्याचं नोंदलं आहे, पुरुषांची ८८. काम नसलेल्या दिवशी बाई सरपणाला गेली तर घराच्या हिशेबात काहीच खर्ची पडत नाही. पण त्याच बाईला वेचणीला किंवा रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) बांधावर रोज मिळत असेल तर सरपणाला जाणं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे तीनशे रुपये गेले. त्या दिवशी सरपण महाग होतं आणि टाकी स्वस्त. गॅसची जाहिरात वर्षानुवर्षं करून जे होत नाही ते गावात सलग दोन महिने काम निघालं की आपोआप होताना दिसतं.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण आकडे फसवतात. गेल्या काही वर्षांत ग्रामीण बायकांचा श्रमातला सहभाग झपाट्यानं वाढल्याचं सरकार सांगतं आणि श्रमबल सर्वेक्षणाच्या आकड्यांत ते दिसतंही: २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के, २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के. मग टाक्या दुप्पट भरल्या जायला हव्या होत्या. तसं झालं नाही, कारण या वाढीतला मोठा हिस्सा घरच्याच शेतात, घरच्याच गोठ्यात, बिनपगारी मदतनीस म्हणून राबणाऱ्या बायकांचा आहे. त्यांचं काम वाढलं, हातातला पैसा वाढला नाही. उलट दिवस आणखी भरला. आता सरपण पहाटे किंवा अंधार पडताना आणायचं. रोजगार वाढला म्हणजे धूर कमी होईल असं मी सरसकट म्हणत नाही. नगद मजुरी वाढली, ती वेळेवर मिळाली आणि बाईच्या नावावर मिळाली, तरच.

कारण पैसा घरात आला म्हणजे बाईच्या हातात आला असं नाही. टाकी संपली की नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे पैसे मागायचे आणि त्यांनी म्हणायचं, पुढच्या आठवड्यात बघू, तोवर चूल आहेच. ज्याच्या खिशातून टाकी भरायची त्याच्या डोळ्यांत धूर जात नाही. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा करून आणि ते खातं कसं वापरायचं हे तिला शिकवून पाहिलं गेलं. त्या अभ्यासात बायका मजुरीच्या कामावर जाण्याचं प्रमाणच वाढलं. खातं कुणाच्या नावावर आहे एवढ्यानं इतका फरक पडतो.

हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या रस्त्यानं जावं. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडची लाखो माणसं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडात. घरची टाकी घराच्या कुलपाआड राहते. कारखान्याच्या मोकळ्या माळावर पाचट (उसाची वाळकी पानं), ताडपत्री आणि बांबूच्या कोप्या उभ्या राहतात. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते. तीन दगडांची चूल कोपीच्या तोंडाशी असते, थंडी असली की आत. पाचट भुरकन जळून जातं, त्याला आच धरत नाही, म्हणून उसाच्या बांधावरच्या ओल्या काटक्या त्यात घालायच्या, आणि मग जो धूर निघतो तो पिवळट आणि घशाला लागणारा असतो. अंगावर पिणारं मूल तिथेच गोधडीत. दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापून, फडक्यात बांधून, उजाडायच्या आत फडात जायचं. संध्याकाळी मोळ्या भरून गाडी रवाना झाल्यावर येताना डोक्यावर वाढ्याबरोबर (उसाच्या हिरव्या शेंड्यांबरोबर) काटक्यांचा भारा.

या बाईला रोजगार आहे. अंगमोड होईपर्यंत आहे. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनामागे सुमारे ३६६ रुपये. जोडप्यानं दिवसाला दोन टन तोडले तर सातशे-साडेसातशे रुपये होतात, दोन माणसांच्या दहा-बारा तासांचे. पण तो पैसा तिला दिसत नाही. तो उचलीतून वळता होतो. हंगामभर हातात येते ती मुकादमाकडून मिळणारी खर्ची, आठवड्या-पंधरवड्याचं राशन भागेल एवढी. वाढं विकून जे चार पैसे येतात तेवढीच रोजची रोकड. मजुरी आगाऊ घेऊन खर्च झालेली आहे, मग टाकी कशानं भरायची? आणि टाकी तरी कुठली? जोडणी गावच्या एजन्सीची, माणसं दोनशे-तीनशे किलोमीटरवर. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑगस्ट २०२१ पासून, स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल अशी सोय केली गेली आणि पाच किलोच्या छोट्या टाकीचाही पर्याय आहे. सोय चांगली आहे. पण अंधारात उठून अंधारात परतणारी बाई एजन्सीत अर्ज घेऊन कधी जाणार?

मला जास्त टोचतं ते पुढचं. ती जो ऊस तोडते त्याच्या चिपाडावर कारखाना वीज तयार करतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची सहवीजनिर्मितीची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. त्याच उसापासून इथेनॉल होतं आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्ये गाठलं. हरित इंधन म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो व्हायलाही हरकत नाही. पण त्या हरित इंधनाचं पहिलं काम करणारी बाई कारखान्याच्या कुंपणाबाहेर पाचट फुंकत बसलेली असते. आतला लखलखाट तिच्या कोपीतून दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली. त्या मोजदादीत अशाच बायका आणि अशीच गोधडीतली मुलं आहेत.

भाकरी चुलीवरचीच गोड लागते, म्हणून बाया गॅस वापरत नाहीत, असंही सांगितलं जातं. भाकरीची आच आणि निखाऱ्यावरचा पापुद्रा गॅसवर तसा जमत नाही, हे खरं आहे. अंघोळीच्या पाण्याला तर चुलीशिवाय गत्यंतर नाही असंच आपण धरून चालतो. हंडाभर पाण्यासाठी टाकी जाळणं कुणालाच परवडत नाही. पण चवीचा हा मुद्दा शहरातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर जितका मोठा आहे तितका तो रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या तोंडी नसतो. नियमित पगार असलेल्या घरात, मग ती अंगणवाडी सेविका असो की शिपाई, गॅसवरच भाकरी होते आणि सगळे ती खातात.

महाराष्ट्रानं रोजगाराच्या हमीचा विचार देशाच्या आधी केला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला बायका हजारोंनी आल्या, कारण काम गावाजवळ होतं आणि पुरुषाइतकाच रोज होता. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा (मनरेगा) याच वाटेनं गेला. पण मागेल त्याला काम या शब्दांतला जोर पुढे ओसरत गेला. पंधरा दिवसांत मजुरी हा नियम, आणि मजुरी महिनोन् महिने रखडल्याच्या बातम्या दरसाल. आधार जुळत नाही, हजेरीचा फोटो अॅपवर चढत नाही, मस्टर निघत नाही. यातली प्रत्येक अडचण शेवटी चुलीत जाते. मार्चचा रोज जूनमध्ये मिळाला तर मधले तीन महिने टाकी रिकामी.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. शंभरऐवजी १२५ दिवस, खर्चाची वाटणी केंद्र ६० आणि राज्य ४०, आणि पेरणी-कापणीच्या काळात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा. दिवस वाढले हे बरं झालं. थांबवण्याच्या मुभेची मला काळजी वाटते. शेतमालकांना मजूर मिळावेत हा त्यामागचा विचार आहे. पण चुलीच्या बाजूनं पाहिलं तर पेरणीचा काळ सगळ्यात वाईट. सरपण ओलं, गोवऱ्या भिजलेल्या, धूर दुप्पट, आणि घरातला होता नव्हता तो पैसा बी-खतात गेलेला. गॅसची खरी गरज जून ते सप्टेंबर, आणि हातात पैसा सगळ्यात कमी तेव्हाच. कोरडवाहू गावात पेरणीचं काम सगळ्यांना पुरतं असं नाही. उतारवयाच्या, एकट्या बायकांना तर कुणी बोलवतच नाही. राज्यानं हे ६० दिवस जाहीर करताना पंचनामा शेतमालकाच्या बांधावरून न करता भूमिहीन बाईच्या घरातून करावा.

दुसरी बाजू, स्वच्छ ऊर्जेतून गावात रोजगार. इथे मोठमोठे दावे होतात. शेताला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प उभे राहताहेत, जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. ज्याची जमीन त्याला भाडं. ज्याला जमीन नाही त्याला पॅनेल पुसण्याचं काम मिळालं तर मिळालं. उभारणी संपली की अशा प्रकल्पाला फारशी माणसं लागत नाहीत. शेतीला दिवसा वीज हवीच, पण त्याला ग्रामीण रोजगार म्हणू नये.

हाताला काम आणि घराला इंधन एकत्र देणारी गोष्ट जुनीच आहे: गोबरगॅस. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं तो घरोघरी नेला. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. खड्डा खणायला मजूर, बांधायला त्यातला घुमट जमणारा गवंडी, पुढे गळती काढायला, पाइप बदलायला गावातलाच कुणी जाणकार. बाहेर पडणारी स्लरी शेतात. पूर्वी अनेक गावांत सयंत्रं बांधली आणि ती बंद पडली, ती तंत्र वाईट म्हणून नव्हे, तर दुरुस्तीला माणूस नव्हता म्हणून. म्हणजे तिथेही उणीव रोजगाराचीच: तालुक्यात अशा वीस-पंचवीस बायका आणि तरुण शिकवून त्यांना पगारावर ठेवलं असतं तर ती सयंत्रं चालू राहिली असती. रोहयोतून गायीगुरांचे गोठे बांधले जातात. गोठा मंजूर करतानाच शेजारी गोबरगॅसचा खड्डा का नाही? अर्थात ज्याच्याकडे जनावर नाही त्याला याचा उपयोग नाही, आणि गावातली सगळ्यात गरीब घरं तीच आहेत. त्यांच्यासाठी पाचटाचा विचार करायला हवा. पुण्याच्या आरती संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याचं तंत्र बसवलं आणि त्याला २००२ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. फडात पेटवून दिलं जाणारं पाचट हे इंधनही आहे आणि चार महिन्यांचं कामही. दोन दशकं उलटली तरी आपण ते कारखाना-क्षेत्रात रुजवलं नाही, याचं वाईट वाटतं.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे असं ठरलेलं आहे. मुलांची वसतिगृहं त्यातून होताहेत, ती व्हायलाच हवीत. तोडणीच्या दराचा करार ठरावीक वर्षांनी नव्यानं होतो आणि दर वेळी भांडण टक्क्यांवर होतं. पुढच्या करारात टक्क्यांबरोबर तीन कलमं यावीत. प्रत्येक कोयत्यामागे हंगामात पाच किलोच्या टाक्या कारखान्याच्या गट ऑफिसातून, अर्जाविना, खर्च कारखान्याचा. तळावर कोप्यांपासून दूर, पत्र्याचं छप्पर असलेला ओटा, म्हणजे पाचटाच्या कोपीत शेगडी पेटवण्याचा धोका नको. आणि बाईच्या वाट्याची अर्धी मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात, दर पंधरवड्याला, उचलीची वजावट दाखवणाऱ्या चिठ्ठीसह. आज कोयता म्हणून जोडप्याची एकच नोंद होते. ती दोन माणसांची नोंद झाली पाहिजे.